तिथं काय बी न्हवतं

कुन्नवाडच्या पाटाचं काम सिद्राम कांबळेकडं आलं ते सत्त्याहत्तर सालच्या हिवाळ्यात. निपाणीपासून वेदगंगेच्या काठानं आत गेलं की हे गाव लागतं. काळी जमीन, सगळीकडं तंबाखू, आणि सकाळी बसमधून उतरल्या उतरल्या नाकात शिरून बसणारा तिचा तो ओला, उग्र वास. नदीचं पाणी उपसून वरच्या शेतांना द्यायचं ठरलं होतं. नदीवर पंप बसणार, वर हौद होणार, आणि हौदापासून पूर्वेचा माळ ओलांडून पाट जाणार. पाटाची रेघ आखायची आणि जमिनीची उंची मोजायची, एवढं सिद्रामचं काम. ओव्हरसियर म्हणून काकतीपासून गुंजीपर्यंत त्यानं अशा कितीतरी रेघा आखल्या होत्या.

एक गोष्ट मात्र त्यानं बेळगावच्या ऑफिसात कुणाला सांगितली नव्हती. कुन्नवाड हे त्याच्या बापाचं गाव. बाप निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुळीत खोकून खोकून मेला, पण पोराला त्यानं कधी या गावाला आणलं नाही. गावाचं नाव निघालं की तो उठून बाहेर जायचा. बापाची थोरली बहीण गंगव्वा तेवढी अजून तिथं होती, नदीकाठच्या बौद्धवस्तीत; निपाणीला भावाकडं तीच येऊन जायची. पावसाळ्यात वेदगंगा फुगली की वस्तीत पाणी शिरायचं, आणि माणसं भांडीकुंडी डोक्यावर घेऊन शाळेच्या व्हरांड्यात जाऊन पडायची. वस्तीनं माळावर जागा मागून पाहिली होती. मिळाली नाही. माळ आण्णाप्पा पाटलाचा होता.

पहिल्या दिवशी सिद्राम पाटलाकडंच उतरला, कारण योजनेचा चेअरमन तोच. पासष्टीचा, उंचापुरा, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडं बघणारा माणूस. पाटलाची सून मालुबाई चहा घेऊन आली. बाकी सगळ्यांना कपबशी होती. सिद्रामला काचेचा पेला.

"साहेब, कुठलं कांबळे म्हणायचं तुम्ही?" पाटलानं विचारलं.

"निपाणीचा."

"निपाणीत कांबळे लई," पाटील म्हणाला आणि बसलेली माणसं हसली.

सिद्रामनं चहा संपवला. निघताना त्यानं पाहिलं, त्याचा पेला वळचणीखाली पालथा घातलेला होता आणि कपबश्या आत गेल्या होत्या. डिप्लोमा झाला, नोकरी लागली, पगाराचं घर झालं, तरी हा पेला प्रत्येक गावात त्याच्या आधी पोचलेला असायचा.

चावडीच्या कट्ट्यावर बसून त्यानं नकाशा उलगडला. ऑफिसच्या कपाटात सापडलेला इंग्रजांच्या वेळचा जुना शीट होता तो. घड्यांवर कापड चिकटवलेलं, कडा तपकिरी झालेल्या. असे नकाशे सिद्रामला आवडायचे. त्यांत कुणाची जात नसते, नुसती उंची असते. तपकिरी रेषा म्हणजे चढउतार, निळं म्हणजे पाणी, लाल ठिपके म्हणजे घरं. वेदगंगेचं वळण जसंच्या तसं होतं. गाव जागच्या जागी होतं. नदीकाठी, जिथं आज वस्ती आहे, तिथं मात्र मोकळी जागा दाखवली होती.

आणि पूर्वेच्या माळावर, जिथून पाट जायचा होता, तिथं तपकिरी रेषेचं एक बंद कडं होतं. कड्याला आतल्या अंगानं बारीक दाते. म्हणजे खोलगट जागा, इकडची माणसं ज्याला लवण म्हणतात ते. लवणाच्या काठानं लाल ठिपक्यांचा पुंजका, आणि मधोमध निळं वर्तुळ. विहीर.

सिद्रामनं मान वर करून माळाकडं पाहिलं. गुडघाभर तंबाखूची पानं ताटासारखी सपाट पसरली होती. पार क्षितिजापर्यंत कुठं वाटीएवढा खळगा नव्हता.

"तिथं पूर्वी घरं होती का हो?" त्यानं शेजारी बसलेल्या परशरामला विचारलं. हा म्हातारा पाटलाच्या शेतावर जन्मभर राबलेला.

परशरामनं नकाशाकडं पाहिलंसुद्धा नाही. "तिथं काय बी न्हवतं."

"विहीर दाखवलीय."

"तिथं काय बी न्हवतं."

देवळातल्या पुजाऱ्यानंही हेच सांगितलं. पिठाच्या गिरणीवाल्यानं हेच सांगितलं. शब्द तेच, सूर तोच, आणि विचारल्याबरोबर, जसं लहानपणी शाळेत पाढा पाठ केलेला असतो. संध्याकाळी पाटलानंही तेच म्हटलं, फक्त हसत. "इंग्रजाचा कागद त्यो. घोड्यावर बसून काढलेला. तिथं काय बी न्हवतं, साहेब."

दुसऱ्या दिवशी सिद्रामनं माळावर लेव्हलचं यंत्र लावलं. भरमू नावाचा मोजणीचा खलाशी त्याच्याबरोबर कैक वर्षं काम करत होता. आकडे लिहिलेला उंच पट्टा घेऊन भरमू शेतात उभा राहायचा आणि सिद्राम दुर्बिणीतून आकडा वाचायचा. जमीन खाली गेली की आकडा वाढतो, वर आली की कमी होतो. सकाळभर आकडा हलला नाही. माळ खरंच सपाट होता. असेल, सिद्राम मनाशी म्हणाला. लवण होतं, कुणीतरी भरून घेतलं. त्यात एवढं लपवण्यासारखं काय आहे?

दुपारी भाकरी खाऊन त्यानं पुन्हा डोळा लावला. जुन्या यंत्रात माणूस उलटा दिसतो, त्याची सवय असते. पण भरमू दिसलाच नाही. तंबाखूची उलटी पानं दिसली, त्यांच्यापलीकडं तवंदीचा उलटा डोंगर दिसला. पट्ट्याचं टोकसुद्धा नाही.

सिद्रामनं डोळा काढून पाहिलं. भरमू समोर उन्हात उभा होता. पट्टा डोक्याच्या वर उंच.

परत डोळा लावला. पानं आणि डोंगर.

"भरमू, पट्टा सरळ धर!"

"सरळच हाय की साहेब!"

आवाज समोरून आला नाही. खालून आला. विहिरीच्या पायऱ्यांवरून हाक मारल्यावर येतो तसा, गोल, गार, कडांना घासत. यंत्राची नजर आडवी असते, तसूभर हलत नाही. पट्टा तिच्यात दिसत नाही याचा अर्थ एकच होतो. भरमू त्या नजरेच्या दोन पुरुष खोल उभा आहे.

त्यानं भरमूला बोलावून घेतलं. भरमू आला तो धापा टाकत, मांड्यांवर हात टेकत. "चढ लई हाय हो..." म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून मागं वळला. मागं सपाट माळ होता. भरमूनं पट्टा खाली ठेवला. त्या दिवशी त्यानं तो परत उचलला नाही.

मग सिद्राम स्वतः गेला. पानांतून चालताना त्याच्या टाचा आपोआप रुतायला लागल्या, अंग मागं झुकलं, बुटात बोटं पुढं दाबली गेली. डोळे सांगत होते सपाट, पिंढऱ्या सांगत होत्या उतार. त्यानं बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतलं. काळ्या जमिनीनं ते प्यायला हवं होतं. तिनं ते प्यायलं नाही. पाणी सापासारखं सळसळत पानांखालून पुढं निघालं, वेग घेत गेलं, आणि काही अंतरावर एकदम नाहीसं झालं. सिद्रामनं जागा नकाशाशी ताडून पाहिली. निळं वर्तुळ.

ऊन कलल्यावर त्यानं स्वतःच पट्टा माळात रोवला आणि यंत्र पुन्हा लावलं. आकडा सकाळचाच होता. सपाट.

दिवेलागणीला तो नदीकाठी गंगव्वाकडं गेला. म्हातारी दारात बसून हरभऱ्याची भाजी निवडत होती.

"आत्ती, माळावर हीर हुती?"

तिचे हात थांबले. "कुनी सांगितलं?"

"नकाशात हाय."

"म्हंजी कुनीतरी लिवून ठेवलं," ती म्हणाली. ती पुन्हा भाजी निवडू लागली. मग बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज साधा होता, बाजारातली गोष्ट सांगावी तसा.

"आमी वरच ऱ्हात हुतो रं. मोठं लवण हुतं, मधी आमची हीर. दुष्काळ पडला, गावाची हीर आटली, नदीत नुसती वाळू. आमची आटली न्हाय. मग गाव आलं. आदी बाया आल्या, मागनं बापय. पर आमच्या घागरीला शिवायचं कसं? मग माझ्या आईनं वरनं वतायचं आन त्येंनी खाली बसून वंजळीनं प्यायचं. सगळं गाव प्यालं. पुजारी प्याला, पाटील प्याला. पाटलाचं पोरगं बारकं हुतं, आई त्येला आदी वतायची. ह्योच आण्णाप्पा. 'आजून वत' म्हनायचा तिला."

"मग?"

"मग पाऊस पडला." तिनं एक काडी मोडून बाजूला टाकली. "पाऊस पडला आन गावाला लाज वाटाय लागली. आपुन कुनाच्या हातचं प्यालो ह्ये त्येंच्या घशाखाली उतरंना. ज्येनं पानी पाजलं त्येचं तोंड रोज दिसतंय, ते सोसंना. येक दिस आले आन खोपटी पेटवली. आई हिरीत उतरली हुती, घागर घेऊन, आग इझवायला. वरनं दगडं लोटली. बघून लोटली का न बघता, मी कसं सांगू? म्या लवणाच्या काठावर हुतो, तुजा बाप माज्या कडंवर. मग सालोसाल बैलं लावून त्येंनी लवण बुजवलं. आन समद्यांनी मिळून ठरवलं, तिथं काय बी न्हवतं."

सिद्रामपुढं तिनं भाकरी ठेवली. ती तशीच निवत राहिली. वखारीत खोकणारा बाप त्याच्या डोळ्यांपुढं होता, नाव निघालं की उठून जाणारा. इतकी वर्षं सिद्राम त्याला भित्रा समजत होता. आत काहीतरी पेटलं होतं आणि ते कुणावर फेकावं हे कळत नव्हतं. दगड लोटणारे कधीच मरून गेले होते. खोटं तेवढं जिवंत होतं, गावाच्या तोंडातोंडांत, पाढ्यासारखं.

सकाळी तो पाटलाच्या सोप्यात उभा राहिला. बसला नाही.

"विहीर बुजवली तेव्हा माझी आजी आत होती."

पाटलानं पान जुळवता जुळवता त्याच्या कपाळाकडं पाहिलं. आता साहेब गेला, अरे-तुरे आलं. "त्या म्हातारीचं डोस्कं फिरलंय. तू शिकलेला मानूस. तुझं यंत्र काय सांगतंय? जमीन सपाट हाय का न्हाय?"

"सपाट आहे."

"मग झालं तर. पाट माळावरनंच काढायचा. वळवायचा न्हाय."

सिद्राम आला होता तो पाट वळवायची परवानगी मागायला. विहिरीवरून पाणी जाऊ नये, तिला निदान तेवढं तरी मोकळं सोडावं, म्हणून. रात्रभर जागून त्यानं दुसरी रेघ आखून आणली होती. ती त्यानं खिशातच ठेवली.

"तुमचं आणि वडलांचं तिथं जाणं-येणं होतं म्हणतात," तो म्हणाला. "दुष्काळात."

पाटलाचा अडकित्ता थांबला. "तिथं काय बी न्हवतं."

"बरं," सिद्राम म्हणाला. "नाही वळवत."

त्या दुपारी त्यानं पाटाची रेघ निळ्या वर्तुळाच्या बरोबर मधून ओढली. इतक्या दाबून, की पेन्सिलीचं टोक मोडलं आणि कागदाला भोक पडलं.

पाट तयार झाला चैत्रात. तंबाखू निघून गेली होती, माळ उघडा पडला होता, ढेकळं उन्हात वाजत होती. पाणी सोडायच्या दिवशी सगळं गाव माळावर आलं. नारळ फुटला, पंप सुरू झाला, हौद भरला, पाटात पाणी उतरलं. लोक पाण्याबरोबर चालत निघाले. वस्तीतली माणसं लांब, बांधावर उभी होती. गंगव्वाही होती.

माळाच्या मधोमध आल्यावर पाणी पाटातून बाहेर पडलं.

पाट फुटला नव्हता. काठ शाबूत होता. पाणी काठावरून सरळ वर चढलं, पलीकडं उतरलं आणि सपाट ढेकळांवरून धावत सुटलं. एकही ढेकूळ भिजलं नाही. ठरावीक जागेवर जाऊन ते दिसेनासं होत होतं.

आणि मग आवाज आला. उंचावरून खोल पाण्यात पाणी पडल्याचा.

पंप चालू होता, पाणी येत होतं, आणि त्या कोरड्या जमिनीखाली ते पडत होतं, घुमत होतं. परशराम खाली बसला. पुजाऱ्यानं कानांवर हात ठेवले.

"बांध घाला रं!" पाटील ओरडला. "बघताय काय?"

एकही गडी हलला नाही.

पाटलानं एकाच्या हातातलं खोरं हिसकावलं आणि तो स्वतः निघाला.

पहिली काही पावलं तो ताठ चालला. मग त्याचं अंग मागं झुकलं. टाचा रुतवत, एक हात बाजूला धरून तो चालू लागला. म्हातारं माणूस निसरड्या उतारावरून उतरतं तसा. सपाट जमिनीवर.

सगळं गाव ते बघत होतं. सिद्रामही बघत होता. त्याला हाक मारता आली असती. त्यानं ती मारली नाही.

पाणी दिसेनासं होत होतं तिथं पाटील पोचला.

त्याच्या हातातलं खोरं पडलं.

त्यानं वर पाहिलं. वर आभाळाखेरीज काही नव्हतं. कुणीतरी उभं असल्यासारखा तो तिथंच बघत राहिला, आणि त्याचं तोंड हळूहळू लहान मुलासारखं झालं.

मग तो उकिडवा बसला. दोन्ही हात जुळवून त्यानं ओंजळ केली, ती ओठांना लावली.

आणि तो प्यायला लागला.

बांधावरून गंगव्वाचा आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आये," ती म्हणाली, "पुरं कर."

पंप कुणीतरी बंद केला. पाटलाच्या मुलांनी बापाला उचलून आणलं. वर येताना त्यांनाही धाप लागली होती.

पाटाचं काम पुढं कुणी हातात घेतलं नाही. 'भूस्तराचा दोष' असं काहीतरी कारण लागलं आणि सिद्रामची खानापूरकडं बदली झाली. त्याच आषाढात वेदगंगेला मोठा पूर आला. वस्तीतली माणसं या वेळी शाळेकडं गेली नाहीत. भांडी डोक्यावर घेऊन सरळ माळावर चढली आणि लवणाच्या काठाकाठानं, जुन्या ठिपक्यांच्या जागी, त्यांनी खोपटी घातली. पाटलाच्या पोरांनी शब्द काढला नाही. गावात कुणी विचारलं तर माणसं आता मान खाली घालून पुढं जात. तो पाढा कुणी म्हणत नसे.

पाच-सहा वर्षांनी गंगव्वा गेली. मातीला सिद्राम आला होता. परत जाताना तो मुद्दाम पाटलाच्या दारावरून गेला. इतक्या वर्षांत त्याचा राग विझला नव्हता. पाटलाला विचारायचं म्हणून एक वाक्य त्यानं मनाशी घोटून ठेवलं होतं, आणि ते आज विचारायचंच होतं.

दुपार होती. पाटील घरात नव्हता. तो दाराबाहेर होता, पायरीच्या खाली, धुळीत उकिडवा बसलेला. अंगाची काडी झालेली. ओठांशी ओंजळ. वर मालुबाई पितळी तांब्या घेऊन उभी.

"आत बसून पीत न्हाईत," ती सिद्रामला ओळखून हळूच म्हणाली. "भांड्याला त्वांड लावत न्हाईत. हितंच बसत्यात, उंबऱ्याभाईर."

"आणि तुम्ही ओतता."

मग तिनं तांब्या त्याच्यापुढं तिरका करून दाखवला. तो कोरडा होता. तळाला धूळ बसली होती.

"मी वतत न्हाय साहेब. मी नुसती उभी ऱ्हातो. रस्त्यानं जानाऱ्याला वाटावं, सूनच पाजतीया."

सिद्रामनं खाली पाहिलं. पाटलाच्या ओंजळीतून पाणी ओघळत होतं. मनगटावरून, कोपरावरून, धुळीत. घोटलेलं वाक्य त्याच्या तोंडातून निघालं नाही.

पुरे झालं की पिणाऱ्यानं मान हलवायची असते, मग ओतणारा थांबतो. म्हातारा मान हलवत होता. डोळे वर लावून, जोरजोरानं, पुन्हा पुन्हा मान हलवत होता, आणि त्याचा घसा गिळतच होता.